कोळशाची रेघ

एका रविवारी सकाळी मी अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीच्या बांबूच्या पाटीतून अंडी काढून घेतली आणि त्यांच्या जागी ओढ्यातले गोटे ठेवले. पुढे त्या गोट्यांचा दोष एका सुनेच्या हाताला लागला. तो हात निर्मळ होता हे सांगू शकेल असा त्या वाडीत मी एकटाच होतो, आणि मी सांगितले नाही. हे माझ्या पत्नीला ठाऊक नव्हते, मुलीला नव्हते, ज्या मित्रांनी ती अंडी मिटक्या मारत खाल्ली त्यांनाही नव्हते. लोक म्हणतात, गुरुजी कधी आवाज चढवत नाहीत. ते त्याला माझा स्वभाव समजतात. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो.

गेल्या थंडीत माझ्या मुलीने सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींना घरी बोलावले. नाश्ता टळून गेलेला आणि जेवण अजून दूर, अशा वेळच्या खाण्याला ती ब्रंच म्हणते. तिने काचेच्या पसरट भांड्यात परतलेला कांदा, बटाटा, पालक आणि सिमला मिरची पसरली, चमच्याच्या पाठीने भाजीत खळगे केले आणि प्रत्येक खळग्यात एकेक अंडे फोडून सोडले. मी शेजारी कोथिंबीर निवडत उभा होतो.

“बाबा, हे बघा ना. काय आलंय हे?”

एका बलकावर रक्ताचा ठिपका होता. मोहरीएवढा.

“काही नाही. असतं एखाद्यात,” मी म्हणालो.

तिने चमच्याच्या टोकाने तो उचलून टाकला आणि भांडे ओव्हनमध्ये सरकवले. आतला पिवळा दिवा लागला. काचेमागे अंड्यांचा पांढरा भाग घट्ट होत हळूहळू फुगू लागला, आणि ओव्हनच्या पंख्याची एक खालच्या पट्टीतली घुरघुर सुरू झाली. ती मध्येच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. ती माझ्या ओळखीची होती. हातातली कोथिंबीर तशीच टाकून मी गच्चीत जाऊन उभा राहिलो. आतून मुलगी हाक मारत होती, “बाबा, गरम आहे तोवर या ना.” मला जाता आले नाही.

घोडेगाव मागे टाकून भीमाशंकरचा रस्ता धरला की डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतात. त्या रस्त्यालगतच्या एका वाडीत, नव्वदच्या दशकात, मी प्राथमिक शाळेवर नव्याने रुजू झालो होतो. ठकूबाईंच्या घरातली ओटीलगतची खोली मला राहायला मिळाली. ठकूबाई म्हणजे नवरा गेल्यावर भातखाचरे आणि घर एकटीने उभे ठेवलेली, दणदणीत आवाजाची बाई. त्यांचा मुलगा दत्तू घोडेगावहून डोंगरातल्या वाड्यांना जीप चालवायचा. दत्तूची बायको मंदा, पार तिकडे आणे गावच्या पठारावरून इथे दिलेली. ती मला म्हणायची, “गुरुजी, आमच्याकडं सकाळी दार उघडलं का लांबवर दिसतं. हितं दार उघडलं तर आपलाच हात दिसत न्हाई.”

त्या वर्षांतले मला सर्वांत आधी आठवते ते हेच धुके. भात कापून झालेला असे. खळ्यावर पेंढ्या झोडण्याचा धप्प धप्प आवाज धुक्यातून येई. झोडणारा दिसत नसे. दमट पेंढ्याचा, ताज्या सारवणाचा, चुलीत फुंकर मारल्यावर उडणाऱ्या राखेचा वास सकाळभर अंगाला चिकटून राही. माझ्या खोलीची मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. माणसाच्या उंचीवर येऊन ती संपली होती. भिंतीपलीकडे चूल होती आणि चुलीच्या अंगाला, उबेला, कोंबड्यांचा कोपरा. त्यामुळे पलीकडचे सगळे मला ऐकू येई. दिसत मात्र काही नसे.

शाळेत मुलांना अंक शिकवायला मी ओढ्यातून पांढरट, गुळगुळीत गोटे वेचून आणले होते. पिशवीभर होते. ठकूबाईंना त्याची फार गंमत वाटे.

“काय ओ गुरुजी, दगडं मोजून मोजून प्वारं बी दगडच व्हायची की!”

“मावशी, दगड मोजता आले की पुढे माणसं मोजता येतात.”

“मानसं कशाला मोजायची? मोजली का कमी व्हत्यात ती.”

मंदाच्या लग्नाला काही वर्षे होऊन गेली होती आणि पाळणा हलला नव्हता. घरात त्याविषयी कुणी अवाक्षर काढत नसे. शेजारी बारसे असले की ठकूबाई सुनेला नेत नसत. नेत नाही असे म्हणतही नसत. मंदा अशा दिवशी ओढ्यावर जाऊन धुतलेली धुणी पुन्हा धूत बसे.

त्या घराची एक रीत होती. ज्या सुनेची कूस उजवायची वाट पाहायची, तिच्या हाताने कोंबडी अंड्यांवर बसवायची. पिल्ले निघाली की देवीने कौल दिला. त्या हिवाळ्यात घरातली तांबडी कोंबडी खुडूक झाली. अंडी घालायची थांबली, पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागली, जवळ गेले की फिसकारू लागली. ठकूबाईंनी पाटीत राख पसरली, राखेवर पेंढा घातला, कडेला एक गंजका खिळा खुपसला. आभाळ गडगडले तर अंडी नासू नयेत म्हणून तो खिळा. मग एकेक अंडे कोवळ्या उन्हात धरून पाहिले, त्यावर विझल्या कोळशाने एक रेघ ओढली आणि मंदाच्या ओंजळीत दिले. मागाहून एखादी कोंबडी पाटीत ताजे अंडे घालून गेली तर वेगळे ओळखू यावे, यासाठी ती रेघ.

“हात आखडू नगंस. प्वार उचलल्यागत उचल,” ठकूबाई म्हणाल्या.

“आत्या, हात कापतोय माझा.”

“कापू दे. देवीला कळतंय समदं.”

मंदाने डोळे मिटून अंडी एकेक करून पेंढ्यात ठेवली. तिचे ओठ हलत होते. मी दारात उभा राहून पाहत होतो, आणि परक्या माणसाने पाहू नये असे काहीतरी आपण पाहत आहोत असे वाटून मी आत गेलो. त्या घरातले माझे ते शेवटचे शहाणपण म्हणायला हवे.

त्याच आठवड्यात माझे कॉलेजचे मित्र पुण्याहून भीमाशंकरला निघायचे होते आणि वाटेत माझ्याकडे थांबणार होते. शिकत असताना मी कॅम्पात एका पारशी बाईंकडे खोली घेऊन राहत असे. रविवारी त्या भाजीच्या थरावर अंडी फोडून ते भांडे भट्टीत भाजायच्या. त्या वासाने आम्ही सगळे जिन्यात जमायचो. तो पदार्थ मी डोंगरात करून दाखवीन, असे मी मित्रांना मोठ्या तोंडाने सांगून बसलो होतो. आडरानात जाऊन पडलेला मास्तर म्हणून त्यांनी माझी कीव करू नये, एवढेच मला हवे होते.

भट्टी नव्हती. पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखाऱ्यांची परात, असा माझा बेत होता. तो ऐकून दत्तू हसत सुटला.

“खालनं इस्तू आन वरनं बी इस्तू? गुरुजी, अंडी शिजवताय का मढं जाळताय?”

“गप रं. सकाळच्या पारी काय बी त्वांडात येतं ह्याच्या,” ठकूबाई ओरडल्या. मंदा पदर तोंडाला लावून हसत होती.

शनिवारी मी घोडेगावहून अंडी आणली. दत्तूच्या जीपमध्ये माणसांवर माणसे बसलेली. कुणाची तरी कांद्याची गोणी माझ्या पिशवीवर आली. घरी येऊन मी पिशवी खुंटीला अडकवली आणि उघडून पाहिली नाही. रविवारी सकाळी बटाटा, वाटाणा, कांदा, टोमॅटो आणि हिरवी लसूण परतून पातेल्यात थर दिला, निखारे पाडून ठेवले आणि मग पिशवी उघडली. आत नुसता पिवळा चिकट लगदा होता आणि टरफले.

घरात कुणी नव्हते. सगळी वाडी खळ्यावर गेली होती. शेजारच्या दारांवर जाऊन मी हाका मारल्या. धुक्यात हाक दूर जात नाही. तोंडापुढेच कुठेतरी विझते. परत येऊन ओटीवर बसलो, तेवढ्यात तांबडी पाटीतून उतरली. बसवलेली कोंबडी दिवसातून एकदा अशी उतरते, घोटभर पाणी पिते, चार दाणे टिपते आणि लगबगीने परत जाते. ती माझ्यासमोरून अंगणात गेली.

त्या वेळी मी स्वतःला काय सांगितले ते मला स्पष्ट आठवते. आत्ताच तर बसवली आहेत, ताजीच असतील. संध्याकाळी दुसरी आणून ठेवीन. गोट्यांची पिशवी खोलीतच होती. अंड्यांच्या मापाचे गोटे निवडायला मला वेळ लागला नाही, कारण रोज हाताळून त्यांचे आकार बोटांना पाठ झाले होते. मग मी विझलेला एक कोळसा घेतला आणि प्रत्येक गोट्यावर रेघ ओढली, ठकूबाईंच्या रेघेसारखी, जराशी डावीकडे झुकलेली. माणूस चोरी अविचाराने करू शकतो. तशी रेघ अविचाराने ओढता येत नाही.

पहिले अंडे मी भाजीतल्या खळग्यात फोडले. बलकावर लाल रेषांचे एक बारीक जाळे पसरले होते आणि जाळ्याच्या मधोमध एक टिंब होते. ते हलत होते. मिटायचे आणि उमलायचे. भाजीची ऊब लागली तसे ते जरा जलद हलले, आणि मग थांबले.

किती वेळ मी तसाच उभा होतो, सांगता येत नाही. रस्त्याच्या वळणावर मित्रांच्या मोटारसायकलींचा आवाज आला. मी ते अंडे पळीने वाडग्यात काढून घेतले, उरलेली सगळी त्यात फोडली, आणि मान खाली घालून, रंग एकसारखा होईपर्यंत फेटत राहिलो. ते मिश्रण भाजीवर ओतले, झाकण ठेवले, झाकणावर निखाऱ्यांची परात ठेवली. निखारे वरून लाल दिसत होते आणि त्यांच्या आत काहीतरी बारीक तडतडत होते.

पदार्थ उत्तम झाला. वरचा थर फुगून बदामी झाला होता, कडेला खरपूस पापुद्रा सुटला होता, लसणीचा आणि धुराचा वास खोलीभर भरला होता. “गावठी अंड्यांची चवच न्यारी रे,” मित्रांपैकी एक जण पातेले खरवडत म्हणाला. दुसरा म्हणाला, “मास्तर, मजा आहे लेका तुझी!” मीही खाल्ले. मला ते आवडलेही.

तेवढ्यात खळ्यावर भाकरी न्यायला मंदा घरी आली. माझ्यातल्या कुठल्या भल्या माणसाने तो विचार केला कोण जाणे, पण मी एका ताटलीत वाढून तिच्यापुढे धरली.

“घ्या वहिनी, चव बघा.”

पाहुण्यांकडे पाठ करून, दाराच्या कडेला उभी राहून तिने खाल्ले.

“लई ग्वाड लागतंय, गुरुजी. कंची अंडी म्हनायची ही?”

“बाजारातली.”

“बाजारातली आसून बी?” ती म्हणाली, आणि ताटलीला लागलेले बोटाने पुसून घेतले.

तांबडी केव्हाच पाटीत परतली होती. पिसे फुलवून ती बसली होती, डोळे अर्धे मिटून.

मित्रांच्या आग्रहाने मी भीमाशंकरला गेलो आणि दुसऱ्या दिवशी परतलो. बाजारातली अंडी पांढरीफेक, त्यांतून पिल्लू निघत नाही. आसपासच्या वाडीवरून गावठी मिळवली तरी ती वेळेवर उबणार नाहीत. हे सगळे मला तेव्हा सुचले. सुचल्यावर मी काहीच केले नाही. रोज काहीतरी करायचे ठरवायचो, पण रोज मंदा पाटीपाशी असायची. एका भर दुपारी घरात कुणी नव्हते आणि तांबडी दाणे टिपायला उतरली होती. गोटे काढून घ्यावेत, अंडी मुंगसाने नेली असे समजू द्यावे, या इराद्याने मी पाटीत हात घातला.

गोटे गरम होते. उन्हाने दगड तापतो तसे नव्हे. अंग गरम असते तसे. ती ऊब आतून येत आहे असे मला वाटले. एक गोटा मी मुठीत धरला आणि तो हातात हलेल या भीतीने पुन्हा ठेवून दिला.

दिवस भरत आले तशी तांबडी बोलू लागली. पिल्ले अंड्यात असतानाच कोंबडी त्यांच्याशी बोलते. खालच्या पट्टीत, घशातल्या घशात. भिंतीच्या वरून ती घुरघुर पहाटेपासून माझ्या खोलीत येई. ती थांबे, उत्तराची वाट पाहिल्यासारखी गप्प होई, पुन्हा बोले. मी अंथरुणात उठून बसे. तिच्या गप्प राहण्यात मला काही ऐकू येऊ नये म्हणून मी तांब्या वाजवी, खाकरे, मोठ्याने पाढे म्हणे. एका सकाळी मंदा चहाचा कप घेऊन आली. तिचा चेहरा उजळला होता.

“गुरुजी, आज आवाज आला का वो तुमाला? आतनं. टक टक.”

“नाही, वहिनी.”

“मला आला,” ती म्हणाली. “कान लावला तर लई बारीक आला.”

पाटी अंगणात आणली तेव्हा धुके नुकते वर उचलत होते. शेजारणी जमल्या होत्या, लेकरे कडेवर घेऊन. ठकूबाईंनी तांबडीला बाजूला सारले, पेंढ्यातून एक अंडे उचलले आणि ते कानाशी नेऊ लागल्या. हात वाटेतच थांबला. वजन हाताला कळले होते.

“हे अंडं न्हाई,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दुसरे उचलले. एकावर एक आपटले. खट्ट असा आवाज झाला.

“दगड झालं, बया!” मागून कुणीतरी म्हणाले.

“रेघ माझी हाय,” ठकूबाई म्हणाल्या. त्यांचा तो दणदणीत आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. “माझ्या हातची रेघ हाय की ही. म्हंजी अंडी तीच हायेत.”

मी ओढलेली रेघ अशी साक्षीला उभी राहिली.

“आत्या, अंडीच ठिवली व्हती मी,” मंदा म्हणाली. “तुमीच दिली नव्हं का वंजळीत?”

बायका एकेक पाऊल मागे सरल्या. एकीने कडेवरच्या लेकराचे तोंड पदरात घेतले. मंदाने सर्वांकडे पाहिले आणि मग ती माझ्याकडे वळली. मी शिकलेला होतो. माझ्या शब्दाला त्या अंगणात वजन होते.

“गुरुजी, त्या रविवारी तुमी व्हता घरी. कुनी आलं व्हतं का? पाटीला कुनी हात लावला का? सांगा की वो.”

“नाही, वहिनी,” मी म्हणालो. “मी कुणाला पाहिलं नाही.”

हे वाक्य अक्षरशः खरे होते, याचे मला पुढे कित्येक दिवस समाधान वाटे. इतका मी हलका माणूस होतो.

मंदाला कुणी मारले नाही, कुणी शिवी दिली नाही. ठकूबाई वाईट नव्हत्या. त्या भ्याल्या होत्या. आधी सुनेला सांगितले, बियाण्याच्या कणगीला हात लावू नको. मग दुधाला. मग चुलीला. मग आण्याहून तिच्या भावाला बोलावून घेतले. ती गेली त्या सकाळीही धुके होते. बोचके काखेत धरून ती रस्त्यावर उभी होती आणि स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून पाहत होती. “येते, गुरुजी,” एवढेच म्हणाली. एसटी वळणावर गेली आणि धुक्याने ती झाकली. आवाज तेवढा बराच वेळ ऐकू येत राहिला.

गोटे फेकून द्यायचे धैर्य कुणाला झाले नाही. ठकूबाईंनी ते खाचराच्या बांधावर ऐनाच्या झाडाखाली मांडले आणि शेंदूर लावला. शाळेत मी मुलांना मोजण्यासाठी चिंचोके आणायला सांगितले. तांबडी रिकाम्या पाटीत नुसत्या राखेवर बसून राहिली आणि बोलत राहिली. एका सकाळी ती दिसली नाही. बिबट्याने नेली म्हणाले.

मी बदली मागून जुन्नरकडच्या शाळेवर गेलो. लग्न झाले, मुलगी झाली. पुढे नव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत एका सहकाऱ्याच्या लग्नासाठी आण्याला जाणे झाले. दुपारची पंगत बसली होती. आमटीची बादली घेऊन वाढत येणारी बाई मी चालीवरून ओळखली. ती नवरीच्या पाटाजवळ आली, तशी एक म्हातारी पुढे होऊन हळूच म्हणाली, “मंदे, तू ऱ्हाऊ दे हितं. दुसरी वाढंल.” मंदाने बादली खाली ठेवली आणि ती बाजूला झाली, सवयीने, कपाळाला आठीही न घालता. ती गोष्ट डोंगर उतरून, पठार चढून तिच्यामागे इथवर आली होती. मी भरल्या पानावरून उठलो आणि मांडवाच्या मागच्या बाजूने निघून गेलो.

मुलीच्या त्या ब्रंचनंतरच्या पहिल्याच सुट्टीला मी सकाळच्या गाडीने वाडीवर गेलो. घरावर पत्रे चढले होते. ठकूबाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. दत्तू ओटीवर उन्हाची वाट पाहत बसला होता; केस पांढरे, आत त्याच्या दुसऱ्या बायकोचा आणि नातवंडांचा गलका.

“गुरुजी! लई वर्सांनी वाट वाकडी केली राव. च्या घ्या.”

चहा झाल्यावर तो आपणहून मला बांधाकडे घेऊन गेला. ऐनाचे झाड तेवढेच होते. त्याच्या खालच्या फांद्यांना खणाच्या चिंध्यांचे लहान लहान पाळणे बांधले होते, आणि वारा नसताना ते हलत होते.

“बाया येत्यात लांबून,” दत्तू म्हणाला. “पोरासाठी नवस बोलत्यात. अंड्याची देवी म्हनत्यात हिला. लई जनींला गुण आलाय.”

शेंदराच्या पुटांनी गोटे फुगले होते. ते पुष्कळ मोठे झाले होते, तरी घाट अंड्याचाच राहिला होता. दत्तू पाया पडायला वाकला. मीही वाकलो आणि एका गोट्याला हात लावला. धुके अजून उठलेले नव्हते, गवत दहिवराने भिजलेले होते, माझी बोटे गारठली होती. गोटा गरम होता.

“मंदा कुठं असते रे आता?” मी विचारले.

“आन्यालाच. भावाकडं. कोंबड्या पाळती म्हनं.” मग झाडाकडे पाहत म्हणाला, “तिनं काय वाईट केलं न्हवतं वो आमचं. पन दगड झालं त्याला काय करायचं?”

शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण तो पहिल्यांदा दत्तूने ऐकावा, हे मला बरे वाटले नाही.

तिथूनच मी आण्याची गाडी धरली. पठारावर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होते. ती म्हणायची तसे लांबवर दिसत होते. मंदा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

“गुरुजी? अगं बया, किती म्हातारं झालात वो!”

“तुम्ही ओळखलंत मला.”

“न वळखायला काय झालं? बसा. जेवल्याबिगर सोडायची न्हाई.” तिने घोंगडी टाकली, पाणी दिले, आणि हसली. “तुमी ते वरनं इस्तू ठिवून केलं व्हतं, ध्यानात हाय का? त्यानंतर मी अंडं खाल्लंच न्हाई कंदी. ते समदं झालं ना. मन धजावत न्हाई.”

ओसरीच्या कोपऱ्यात एक काळी कोंबडी पिसे फुलवून बसली होती. शेजारी पाटी तयार होती. राख, पेंढा, कडेला खिळा. अंडी सुपात मांडली होती आणि सुपात एक कोळसाही होता. मंदाने आत हाक मारली.

“सोने, ये गं बाय, अंडी ठिव पाटीत.” मग माझ्याकडे वळून, एखाद्या जुन्या दुखण्याविषयी बोलावे तशा साध्या आवाजात म्हणाली, “भावाची सून. मी न्हाई बसवत कोंबडी. पाळते, दाना-पानी करते, पन अंड्याला हात न्हाई लावत. माझ्या हातात काय हाय ते तुमाला ठावंच हाय की. तुमी तर समोर व्हता.”

काळी कोंबडी घशातल्या घशात बोलू लागली आणि थांबली. मी घोंगडीवरून उठलो. आतून येणारी सून उंबऱ्यात थबकली. तिच्यासमोर बोलावे लागले, ते बरेच झाले. मी सुपातले एक अंडे उचलले, मंदाच्या तळहातावर ठेवले आणि ती हात मागे घेऊ लागली तसा तिच्या हाताखाली माझा हात धरला.

“वहिनी, अंडी दगड झाली नव्हती,” मी म्हणालो. “मी ती घेतली. गोटे मी ठेवले, शाळेतले. त्यांच्यावरची रेघ मावशींची नव्हती, ती मी ओढली होती. त्या दिवशी तुम्हाला ताटलीत दिली ती तीच अंडी होती, आणि ती बाजारातली आहेत असं मी तुम्हाला सांगितलं. अंगणात तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी सांगू शकत होतो. भ्यालो. नंतर एकदा इथे पंगतीत तुम्हाला बाजूला करताना पाहिलं, तेव्हाही उठून पळालो. तुमच्या हातात काही नव्हतं. कधीच नव्हतं. जे होतं ते माझ्या हातात होतं. तुमचं घर गेलं, एवढी वर्षं गेली, त्याची भरपाई माझ्याकडे नाही. माफ करा म्हणायलासुद्धा मी फार उशीर केला, वहिनी. तरी म्हणतो. मला माफ करा.”